उत्तम विज्ञान शिक्षक ओळखायचा कसा?

सातवीच्या मुलांच्या हाती एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एक तुकडा द्या आणि बल्ब पेटवून दाखवा म्हणा. बरीच मुलं वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावतात. बल्ब पेटत नाही. मुलं गोंधळतात, कारण घरी छतावरून लोंबणाऱ्या दिव्यापर्यंत एकच वायर गेलेली त्यांनी रोज पाहिलेली असते. त्या एका आवरणात दोन तारा असतात, हे त्यांना कुणी सोलून दाखवलेलं नसतं. खटपट करता करता बल्ब पेटतो आणि मग दुसरा समज पुढे येतो: सेलमधून वीज निघते, बल्बमध्ये ती खर्च होते आणि उरलीसुरली दुसऱ्या बाजूने परत जाते.

इथे दोन शिक्षक दोन वाटांनी जातात. पहिला ‘हे चूक आहे’ असं सांगतो, फळ्यावर विद्युत परिपथाची व्याख्या लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. दुसरा विचारतो, ‘परतीच्या तारेत किती प्रवाह असेल? अंदाज सांगा.’ मुलांचे अंदाज फळ्यावर लिहिले जातात: निम्मा, पाव, जवळपास शून्य. मग बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक अॅमीटर जोडला जातो. दोन्हींचे काटे एकाच आकड्यावर थांबतात. आता वर्गात जो प्रश्न उभा राहतो तो मुलांचा स्वतःचा असतो. प्रवाह जर तेवढाच राहिला, तर बल्बमध्ये खर्च झालं ते काय? ऊर्जा शिकवायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

परीक्षेत दोन्ही वर्गांतली मुलं परिपथाची व्याख्या बरोबर लिहितील. दोन्ही शिक्षकांच्या टाचणात त्या दिवशीचा घटक एकच असेल. निकालाची टक्केवारीही कदाचित सारखीच लागेल. तरी यातला उत्तम शिक्षक कोण, याबद्दल त्या तासाला वर्गात बसलेल्या माणसाच्या मनात शंका राहणार नाही. अडचण अशी की पुरस्कार देणारी समिती त्या तासाला वर्गात नसते. शिक्षकांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव करू पाहणाऱ्या प्रत्येक देशापुढे ही अडचण आहे. ती कशी सोडवली जाते, यावरच त्या पुरस्काराचं मोल ठरतं.

चुकीच्या उत्तराची पारख

विज्ञान चांगलं शिकवायला विज्ञान चांगलं यावं लागतं, यात वाद नाही. पण तेवढं पुरत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हा मुद्दा नेमका मांडला. विषयाचं ज्ञान वेगळं आणि शिकवण्याची सर्वसाधारण कौशल्यं वेगळी. पण चांगल्या शिक्षकापाशी या दोन्हींच्या संगमातून तयार झालेलं तिसरंच एक ज्ञान असतं. हा घटक शिकताना मुलं कुठे अडखळतात, कोणतं उदाहरण दिलं तर गाठ सुटते, कोणत्या उदाहरणाने ती आणखी आवळली जाते, हे ते ज्ञान. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे ते असेलच असं नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंकडे ते भरपूर असू शकतं.

विज्ञानात या ज्ञानाला जास्त महत्त्व येतं, कारण मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही. जग कसं चालतं याची स्वतःची स्पष्टीकरणं त्याने आधीच रचलेली असतात, आणि ती चिवट असतात. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी तिथल्या २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारले गेले. त्यांत विद्यार्थी होते, माजी विद्यार्थी होते, अध्यापकही होते. २३ पैकी २१ जणांच्या उत्तरांत चुकीचे समज निघाले. ऋतूंबद्दलचं नेहमीचं उत्तर असं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.

हा समज आपल्याकडेही घरोघरी आढळेल. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा निफाड गारठलेलं असतं आणि द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवून बागा जपत असतात. तेव्हा सूर्य आपल्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटर अंतरावर असतो. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होतं. ही दोन वाक्यं शिक्षकाने नुसती सांगितली, तर मुलं ती पाठ करतील आणि मनातला समज तसाच राहील. पण वर्षभर दर आठवड्याला, मध्यान्हीला अंगणात रोवलेल्या काठीची सावली मोजून घेतली, तर गोष्ट बदलते. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सावली पायाखाली नाहीशी होते, डिसेंबरात ती चांगलीच लांबते. सूर्याचे किरण तिरपे पडणं म्हणजे काय, हे मुलांनी स्वतःच्या वहीत नोंदवलेलं असतं.

चुकीच्या उत्तराची ही पारख खरोखर उपयोगी पडते का? फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळतं. त्यात माध्यमिक स्तरावरचे १८१ विज्ञान शिक्षक आणि त्यांचे साडेनऊ हजारांहून अधिक विद्यार्थी सहभागी होते. विद्यार्थ्यांनी बहुपर्यायी चाचणी सोडवली. तीच चाचणी शिक्षकांना देऊन दोन गोष्टी विचारल्या गेल्या: बरोबर उत्तर कोणतं, आणि तुमची मुलं बहुधा कोणतं चुकीचं उत्तर निवडतील? ज्या प्रश्नांभोवती मुलांचा एखादा पक्का समज होता, तिथे नुसतं बरोबर उत्तर येणाऱ्या शिक्षकांपेक्षा मुलांची चूकही आधी ओळखू शकणाऱ्या शिक्षकांचे वर्ग अधिक शिकले. विज्ञान शिक्षकाच्या गुणवत्तेचा गाभा इथे आहे. मुलाच्या चुकीत दडलेला तर्क ओळखता येणं, हीच ती कसोटी.

अमेरिकेतली वाट: अखंड ३० मिनिटं

अमेरिकेत विज्ञान आणि गणित शिक्षकांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार १९८३ साली सुरू झाला. ते वर्ष महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या राष्ट्रीय आयोगाने शालेय शिक्षणाच्या घसरणीवर देशाला हादरवणारा अहवाल दिला होता. नव्याने नेमल्या जाणाऱ्या गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या शिक्षकांपैकी निम्मे तो विषय शिकवायला पात्रच नाहीत, असं त्यात नोंदवलेलं होतं. विज्ञान-गणित येणाऱ्या माणसाला उद्योगात कितीतरी जास्त पगार मिळत होता. शाळेत तो कशाला टिकेल? शिक्षकाच्या कामाला देशाच्या सर्वोच्च पदाची मान्यता द्यावी, हा त्यावरच्या उपायांपैकी एक होता.

या पुरस्काराची रचना अशी: पन्नास राज्यं आणि चार इतर प्रशासकीय गट धरून ५४ विभाग, प्रत्येक विभागातून गणिताचा एक आणि विज्ञानाचा एक, म्हणजे एका वर्षात जास्तीत जास्त १०८ मानकरी. एका वर्षी प्राथमिक वर्गांचे शिक्षक, पुढच्या वर्षी सातवी ते बारावीचे. मानकऱ्याला १०,००० डॉलर आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं प्रशस्तिपत्र मिळतं. आजवर पाच हजारांहून अधिक शिक्षकांना हा सन्मान मिळाला आहे. पुरस्काराचं व्यवस्थापन तिथलं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान पाहतं. वैज्ञानिक संशोधनाला पैसा पुरवणारी संस्थाच शाळेतल्या विज्ञान शिक्षकाचीही दखल घेते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पण या पुरस्काराचा खरा प्राण आहे तो त्याच्या अर्जात. शिक्षकाला स्वतःच्या वर्गातल्या एका तासाचं चित्रीकरण जोडावं लागतं. ते जास्तीत जास्त ३० मिनिटांचं असावं, एकाच धड्याचं असावं आणि त्यात कुठेही कापाकापी नसावी. नको ते प्रसंग गाळायचे नाहीत, चांगले तेवढे जोडायचे नाहीत. सोबत शिक्षकाने लिहून द्यायचं असतं की हा धडा का निवडला, मुलांना काय अवघड जाईल असं वाटलं होतं, वर्गात प्रत्यक्षात काय घडलं आणि पुन्हा घेतला तर यात काय बदलेन. परीक्षक पाच अंगांनी पाहतात: विषयावरची पकड, शिकवण्याच्या पद्धती, मुलांना कळलं की नाही हे तपासण्याची रीत, स्वतःच्या कामाकडे चिकित्सकपणे पाहण्याची सवय, आणि वर्गाबाहेर, शिक्षणक्षेत्रात दाखवलेलं नेतृत्व.

न कापलेल्या ३० मिनिटांत काय काय दिसतं! मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यावर शिक्षक ते झटकून टाकतो की त्याच्याशी थांबतो, हे दिसतं. प्रश्न विचारल्यावर तो किती वेळ गप्प राहू शकतो, हे दिसतं. मेरी बड रो या संशोधिकेने दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. प्रमाणपत्रांच्या जाडजूड फायलीतून हे तीन सेकंद कधीच दिसणार नाहीत. तासाच्या चित्रीकरणात ते दिसतात.

विज्ञान भवनातला सन्मान

आपल्याकडचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार अमेरिकेतल्या त्या पुरस्कारापेक्षा पंचवीस वर्षांनी जुना आहे. तो १९५८ साली सुरू झाला. पुढे १९६२पासून डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, शिक्षक दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि पुरस्कारही त्या दिवसाशी जोडला गेला. दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते रौप्यपदक, प्रशस्तिपत्र आणि ५०,००० रुपये दिले जातात. तो सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी आहे; विज्ञानाला त्यात वेगळा कप्पा नाही. प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी शालेय विज्ञान शिक्षकांना स्वतंत्र पुरस्कार देते, पण गावोगावच्या शिक्षकांच्या मनात स्थान आहे ते राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणाऱ्या पदकालाच.

२०१८ साली या पुरस्काराची पद्धत मुळापासून बदलली. त्याआधी राज्यांच्या शिफारशींवरून दर वर्षी तीनशेहून अधिक शिक्षक निवडले जात. आता संख्या कमी झाली. २०१८ साली ४५ शिक्षकांना पुरस्कार मिळाले, आणि २०२३ आणि २०२४ साली शालेय शिक्षकांची संख्या ५० होती. सर्वांत मोठा बदल असा की शिक्षक आता स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतो. प्रस्ताव पुढे सरकावा म्हणून कोणाच्या मर्जीची वाट पाहायची गरज उरली नाही. जिल्हा समिती, राज्य समिती आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षक मंडळ अशा तीन चाळण्या असतात. शेवटच्या टप्प्यात शिक्षक परीक्षकांसमोर स्वतः सादरीकरण करतो. खासगी शिकवण्या घेणारा शिक्षक अपात्र ठरतो, हा नियमही मला रास्त वाटतो.

गुणांची विभागणी १०० पैकी २० आणि ८० अशी आहे. पहिले २० उपस्थिती, प्रशिक्षणं, कार्यमूल्यांकन अहवाल, लेखन अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना. उरलेले ८० अध्यापनातले नवे प्रयोग, सहशालेय उपक्रम, समाजाचा शाळेतला सहभाग यांना. शिक्षक आपल्या दाव्यांच्या पुष्टीसाठी कागदपत्रं, छायाचित्रं, ध्वनिफिती, चित्रफिती जोडू शकतो.

जुन्या पद्धतीच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा आहे. वाडीवस्तीवरच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रयोगशाळा उभी करणारा, शाळाबाह्य मुलांना वर्गात आणून बसवणारा शिक्षक या चौकटीत दिसतो, आणि दिसायलाच हवा. आपल्या परिस्थितीत मूल शाळेत टिकवणं हीच पहिली लढाई असते, आणि अमेरिकी चौकटीत या कामाला जागा नाही. तरीही या रचनेत एक उणीव राहते. ती उपक्रमांवर जोर देते आणि उपक्रम छायाचित्रात छान उठून दिसतात. विज्ञान प्रदर्शन, विज्ञान जत्रा, रंगवलेल्या भिंती, डिजिटल वर्ग, हे सगळं फायलीत लावता येतं. पण परतीच्या तारेतल्या प्रवाहाबद्दल मुलांचे अंदाज ऐकून घेणारा शांत तास, ज्याला ना बॅनर ना पाहुणे, तो त्या फायलीत कुठे लावायचा? चित्रफीत जोडायची मुभा आहे. अखंड तासाची अट नाही. विज्ञान शिक्षकाचं सर्वांत अस्सल काम ज्या ठिकाणी घडतं, ती जागा परीक्षकांना दिसेलच असं नाही.

९८ लाखांत ५०

पुरस्कारामुळे बाकीचे शिक्षक जोमाने कामाला लागतात, असं सहज म्हटलं जातं. आकडे पाहिले की हा युक्तिवाद टिकत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या नोंदींनुसार देशात सुमारे १४.७ लाख शाळा आणि ९८ लाख शिक्षक होते. ९८ लाखांतल्या ५० जणांत आपलं नाव यावं, या आशेवर कोणी रोज उठून चांगलं शिकवत नाही. चांगलं शिकवणारी माणसं पुरस्काराआधीही तशीच शिकवत होती.

मग पुरस्काराचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग एकच, आणि तो फार मोठा आहे: उत्तम शिकवणं कसं असतं ते इतरांना दाखवणं. शिक्षकाचा व्यवसाय एका बाबतीत विलक्षण एकाकी आहे. शल्यविशारद होऊ पाहणारा डॉक्टर अनेक वर्षं दुसऱ्याच्या शस्त्रक्रिया शेजारी उभा राहून पाहतो. शिक्षक मात्र वर्गाचं दार लावतो आणि निवृत्तीपर्यंत क्वचितच दुसऱ्या शिक्षकाचा तास पूर्ण पाहतो. जे त्याच्या हाती गवसलेलं असतं, ते त्याच्यासोबतच सेवानिवृत्त होतं.

ज्या देशांनी हे दार उघडलं, त्यांचा अनुभव बोलका आहे. १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जर्मनी, जपान आणि अमेरिकेतले आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित केले गेले. जपानी तासांत मुलं आधी एका अवघड उदाहरणाशी स्वतः झगडत होती, मग त्यांच्या वेगवेगळ्या रीती फळ्यावर येत होत्या. अमेरिकी तासांत शिक्षक रीत दाखवत होता आणि मुलं तिचा सराव करत होती. जपानी शिक्षकांमध्ये एक जुनी प्रथा आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक धडा आखतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात, आणि नंतर सगळे मिळून त्या धड्याची उलटतपासणी करतात. चर्चा धड्याची होते, शिक्षकाची नाही, म्हणून कोणी दुखावलं जात नाही.

आपल्याकडेही ही वाट चोखाळून झालेली आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात उतरले. मुलं स्वतः प्रयोग करत, परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची मुभा होती, प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होती. शिक्षकांची दर महिन्याला बैठक भरे आणि वर्गात आलेल्या अडचणी तिथे मांडल्या जात. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने हे काम वाढवलं आणि ते सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलं. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे गेले. कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करण्याच्या त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं बीज तिथलंच. २००२ साली राज्य सरकारने तो उपक्रम बंद केला, पण सामान्य सरकारी शाळांमधले शिक्षक एकमेकांच्या आधाराने किती पुढे जाऊ शकतात, हे त्याने तीस वर्षं दाखवून दिलं होतं.

म्हणून राष्ट्रीय पुरस्काराच्या अर्जात एका अखंड तासाचं चित्रीकरण सक्तीचं व्हावं, आणि निवड झालेल्या शिक्षकांचे ते तास, पालकांची संमती घेऊन, सर्व शिक्षकांसाठी खुले व्हावेत. चित्रीकरणाला आज मोबाईल पुरतो. महाराष्ट्रात आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचून दाखवण्यात जाणाऱ्या वेळातली ३० मिनिटं असा एक तास पाहण्यात आणि पुढची ३० मिनिटं त्यावर बोलण्यात गेली, तर केंद्रप्रमुखांना त्यासाठी वेगळा निधी मागावा लागणार नाही. दर वर्षी ५० तास जमले, तर दहा वर्षांत ५०० तासांचा संग्रह होईल: मराठीतला, कन्नडमधला, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातला, पन्नास मुलांच्या दाटीतला, दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या खोलीतला. शिक्षणशास्त्राच्या पदविकेला बसलेल्या तरुण-तरुणींना पाहायला यापेक्षा चांगलं काय देता येईल?

पदक एका शिक्षकाच्या घरी जातं आणि जायलाच हवं, कारण वर्षानुवर्षं चोख काम करणाऱ्या माणसाचा देशाने मान राखणं ही आपलीच जबाबदारी आहे. पण त्या शिक्षकाने कमावलेली चुकीच्या उत्तराची पारख सगळ्या देशाची आहे. तिच्यापर्यंत पोहोचायची वाट मोकळी झाली, तर ५० जणांच्या पुरस्काराचा लाभ उरलेल्या लाखो शिक्षकांच्या वर्गांपर्यंत जाईल आणि विज्ञान भवनातल्या त्या सोहळ्यासाठी घेतलेले सगळे कष्ट सार्थकी लागतील.